जोत्याची उंची

बाबांच्या आयुष्यातला शेवटचा साधा दिवस शनिवार होता, आणि तो त्यांनी विमा कंपनीला अक्कल शिकवण्यात घालवला.

"जोत्याची रस्त्यापासून उंची किती," त्यांनी फॉर्ममधला प्रश्न मोठ्याने वाचला. "अरे वा, मुद्द्याचं विचारलंय. मला वाटलं, माझा रक्तगट विचारतील."

घराच्या विम्याचं रिन्यूअल होतं. महादेवपुऱ्यात, तलावाच्या उताराला घर असलेल्या माणसाला पुराचा विमा घ्यायला लावायला मला दोन वर्षं लागली होती. विमा बाकीच्यांनी घ्यावा, असं बाबांचं म्हणणं. ते विमानांच्या सरकारी कारखान्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झाले होते. सत्त्याण्णव साली हे घर बांधताना त्यांनी स्वतः लेव्हल घेतली होती: जोतं रस्त्याच्या वर अडीच फूट. त्यासाठी गवंड्याला त्यांनी काम तीनदा पाडायला लावलं होतं, आणि ही हकीकत आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याला चहाच्या आधी मिळे.

रकान्यात त्यांनी ड्रॉइंगच्या अक्षरात लिहिलं: २ फूट ६ इंच.

त्याच दिवशी पहाटे, ते फिरायला गेले असताना, मी टेप लावून उंची मोजली होती. साडेचार इंच. घर खचलं नव्हतं, रस्ता वर आला होता. आमच्याकडे जुना थर कुणी खरवडत नाही. निवडणूक जवळ आली की कंत्राटदार येतो, आहे त्यावरच नवा थर ओततो आणि नारळ फोडून जातो. लोकशाही आमच्या दाराशी इंचाइंचाने चढत आली होती.

"बाबा, एकदा मोजून बघायचं का?" मी म्हणाले.

"कशाला? घराला उंची फुटतेय का?"

स्वतःच्या विनोदावर ते हसले. आई गेल्यापासून त्यांना असं हसताना बघायची माझी सवय मोडली होती. मी त्यांना आणखी उप्पिट वाढलं आणि फॉर्म स्कॅन करून पाठवून दिला.

रविवारी सकाळी बाबा तलावाकाठच्या बाकावर बसले, ते उठले नाहीत. हृदय थांबलं होतं. डॉक्टर म्हणाले, त्यांना त्रास झाला नसेल. डॉक्टर सगळ्यांना हेच सांगतात. ज्याला झाला तो तक्रार करायला येत नाही.

पाणी अकराव्या दिवशी आलं. दुपारी तीन तास पाऊस कोसळला आणि राजकालुवे, म्हणजे तलावाचं जादा पाणी नेणारा मोठा नाला, तुंबून उलटा फिरला. पाणी दारातून आत आलं, तेही चपला घेऊन. दारातल्या सगळ्या चपला हॉलभर फिरत होत्या. गुडघाभर पाण्यातून आम्ही पुस्तकं, तांदूळ आणि बाबांचा हार घातलेला फोटो गच्चीवरच्या खोलीत नेला. विम्यासाठी नुकसानीचे फोटो काढून ठेवायचे असतात, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

सकाळी पाणी ओसरलं आणि मी विमा कंपनीला फोन लावायला गच्चीवर गेले. दोन तास सनई ऐकल्यावर एक माणूस लाभला. "काही हलवू नका, काही टाकू नका, साफ करू नका," तो म्हणाला. "सर्व्हेअर येऊन बघेपर्यंत सगळं आहे तसं राहू द्या." मी कानडीत 'सरी, सरी', म्हणजे बरं, बरं, म्हणत खाली आले.

घर लखलखत होतं. बाबांची धाकटी बहीण, महानंदाआत्या, दिवसांसाठी निपाणीहून दोन सुना घेऊन आली होती. तेराव्याला घरात चिखल? शक्यच नव्हतं. गाद्या, गालिचा, फुगलेलं टेबल, सगळं कचऱ्याच्या गाडीतून रवाना झालं होतं. भिंती पुसल्या होत्या. फिनेलचा असा वास सुटला होता, की बाबा असते तर त्यांनी खिडकीतून उडी मारली असती.

"बघ," आत्या पदर खोचत म्हणाली, "पूर आला हुता असं वाटतंय का?"

"नाही आत्या," मी म्हणाले. "तोच घोळ आहे."

मी मुद्रितशोधन करते. वायरिंग, दारं, कपाटं, फरशी, सगळं पुन्हा करायचं तर दुसऱ्यांच्या चुका मला आणखी वीस वर्षं सुधाराव्या लागल्या असत्या. विम्याचे पैसे आले नाहीत तर खालचा मजला बंद करून गच्चीवरच्या खोलीत राहायचं, एवढाच मार्ग होता.

सर्व्हेअर चौदाव्या दिवशी आली. पवित्रा तिचं नाव, वय पस्तिशीचं, पायात गमबूट. आत्याशी ती सरळ मराठीत बोलायला लागली. माहेर चिकोडी.

"चिकोडी? मग आमचीच की गं तू!" आत्याने तिच्यापुढे तेराव्याची बुंदी ठेवली.

पवित्रा घरभर फिरली. "अक्का, इतकं स्वच्छ घर मी पूर न आलेल्या भागात पण बघितलं नाही."

"करायचं म्हणजे नीट करायचं," आत्या म्हणाली. तिला ते कौतुक वाटलं.

पवित्राने खाली बसून एका प्लगचे स्क्रू काढले. आतून ओल्या चिखलाचा गोळा फरशीवर पडला. "पाणी आलं होतं," ती म्हणाली. "हे पुसून जात नाही." मला हायसं वाटलं. मग तिने बाहेर जाऊन जोत्याला टेप लावला आणि फाइल उघडली.

"इथं साडेचार इंच. फॉर्मवर अडीच फूट. सही चौदा दिवसांपूर्वीची. चौदा दिवसांत रस्ता वाढला का?"

"तुझा टेप तपासून घे बाई," आत्या म्हणाली. "माझ्या दादाची लेव्हल कधी चुकली न्हाई."

पवित्राचं पेन थांबलं. "चुकली नाही? म्हणजे खरी उंची त्यांना माहीत होती?"

"म्हाईत म्हंजे! इंजिनियर हुता. ह्या घरातली वीट न् वीट त्याला ठावी."

"मग खरं माहीत असून खोटं लिहिलं, असं मला रिपोर्टमध्ये लिहावं लागेल. कंपनी काहीच देणार नाही."

दोन मिनिटांत आत्याने स्वतःच्या भावाला लबाड ठरवलं होतं. तिच्या हातातली बुंदी हातातच राहिली.

"तसं न्हवं गं. त्यो लबाडी करणारा न्हवता."

"मग चुकले असतील. ते चालेल, पण घरातल्या कुणीतरी तसं सांगायला पाहिजे."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. बाबा चुकले, हे वाक्य आमच्या घरात कधी कुणी उच्चारलं नव्हतं. आईसुद्धा तीस वर्षं 'असेल बाई' एवढ्यावर थांबली.

"संयू," आत्या हळू आवाजात म्हणाली, "चुकला हुता का गं तो?"

"लिहा," मी पवित्राला म्हणाले. "ते चुकले. सत्त्याण्णव सालचा आकडा त्यांना पाठ होता, नंतर त्यांनी कधी मोजलं नाही. मी मोजलं होतं. फॉर्म भरला त्याच सकाळी. चुकीचा आहे हे माहीत असून तो मीच पाठवला."

पवित्राने मान वर केली. "अक्का, शेवटचं मी ऐकलं नाही. त्यात तुमचंच नुकसान आहे."

"ऐका आणि लिहा."

"मग तेव्हाच त्यांना का नाही सांगितलं?"

"ते उप्पिट खात होते," मी म्हणाले.

कुणी हसलं नाही. बाबांचा फोटो आत्याने खाली आणून पुसलेल्या भिंतीवर परत टांगला होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"बाबा, तुमची लेव्हल चुकली होती," मी मोठ्याने म्हणाले. "तुम्ही भांडला असतात, मला वेड्यात काढलं असतंत, टेप घेऊन बाहेर गेला असतात आणि तोंड पाडून आत आला असतात. मला ते चाललं असतं. मी तुमच्या तोंडावर सांगायला हवं होतं, आणि मी घाबरले."