प्रसादाआधीचा प्रश्न

मुख्य ऑफिसातले विक्रम साहेब येणार म्हणून हर्षदानं सकाळीच सगळ्यांना सांगून टाकलं होतं, की आज दुपारी काउंटरपाशी बोलणं नको, नुसतं नमस्कार म्हणा आणि कामाला लागा. सांगितलं, आणि तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

अंबरपेठेतल्या त्या डायलिसिस सेंटरची ती इन्चार्ज. सकाळची पाळी सुटताना आणि दुपारची बसताना सगळे काउंटरपाशी घटकाभर उभे राहत, आणि ज्याच्या हातून जे राहिलं, चुकलं, ते तो तोंडानं सांगे. ऐकणाऱ्यानं रागवायचं नाही, एवढाच नियम. ही रीत ती नर्सिंगच्या कॉलेजात शिकली नव्हती. जामबागेतल्या देवळात तिचे काका एकनाथराव कीर्तन करत, आणि ती लहानपणापासून त्यांच्या मागे झांज घेऊन उभी राहिलेली. आरती झाली, की प्रसादाला हात लावण्याआधी काका पेटीवाल्याकडं, तबलजीकडं आणि फ्रॉकमधल्या हर्षदाकडंही वळून विचारत, कुठं राहिलं? पेटीवाला बेधडक सांगे, की पूर्वरंगात सूर सुटला, आख्यानात अख्खा चरण गाळलात. काका कान धरत आणि मग लाडू घेत. देवानं तर ऐकलेलंच असतं, ते म्हणत, लपवायचं ते आपण एकमेकांपासूनच.

पण मुख्य ऑफिसात देवळासारखं नसतं. सेंटरमध्ये सांगितलेली प्रत्येक चूक हर्षदा इमानानं वर कळवायची, आणि त्यामुळं सगळ्या शाखांत तिच्याच शाखेच्या चुका जास्त दिसायच्या. दिलसुखनगरच्या शाखेची तर एकही नाही. विक्रम साहेबांनी फोनवर सरळ सांगितलं होतं: आज येऊन बघतो, मग तुम्हाला इन्चार्ज ठेवायचं की स्टोअरवर बसवायचं ते ठरवतो.

साहेब आले ते वेळेच्या आधीच. पाळी बदलताना ते काउंटरला टेकून उभे राहिले. एकेकानं नमस्कार केला. सगळं ओके, सगळं ओके, असं म्हणत मंडळी पांगली. पद्मावती सिस्टर, या सेंटरमधली सगळ्यांत जुनी, फरशीकडं बघत निघून गेली.

आपल्या पाळीची वाट बघत बाकावर बसलेले नामदेवराव मात्र गप्प बसणाऱ्यातले नव्हते. डायलिसिसला आठवड्यातून तीनदा येणारा माणूस, त्यांना इथला घरोबा.

"काय की गं पोरी, आज मौनव्रत हाय काय तुमचं? रोज तर निस्तं भजन चालतं."

साहेब हसले. हर्षदाही हसली, पण हसू ओठांच्या आत गेलं नाही. ती दारापर्यंत गेली, परत आली, ठेवलेलं सलाइन उचलून पुन्हा तिथंच ठेवलं. काहीतरी राहिलं होतं. काय, ते सापडत नव्हतं.

मग तिला संदेश दिसला. तिशीतला टेक्निशियन, सगळ्या मशीनी त्याच्या हाताखालच्या. एरवी त्याची जीभ टाळ्याला लागत नसे. आज तो कधीचा एकच टेबल पुसत होता. आणि मघाशी तो तिला "ओके, मॅडम" म्हणाला होता. तीन वर्षांत त्यानं तिला अक्काशिवाय हाक मारली नव्हती.

तिकडं पद्मावती नामदेवरावांना चार नंबरच्या मशीनकडं नेत होती.

संदेशला बाजूला घेऊन विचारावं? तो पुन्हा ओकेच म्हणेल. तसं म्हणायला तिनंच तर शिकवलं होतं. साहेब हातभर अंतरावर. हर्षदाच्या डोळ्यांसमोरून स्टोअरची खोली सरकली, खोक्यांच्या रांगा, एकटं टेबल. नामदेवराव खुर्चीत टेकले. पद्मावतीनं त्यांची बाही वर केली.

"पद्मा, थांब जरा. सगळ्यांनी इकडं या," हर्षदा म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "आधी माझं सांगते. आज मी तुम्हाला गप्प राहायला सांगितलं. माझी खुर्ची राहावी म्हणून. हे माझं चुकलं."

साहेबांनी टेकलेला हात काढला.

"अक्का," संदेश म्हणाला, "चार नंबर. औषधानं धुतलं, पण नंतर पट्टी लावून बघितलं नाही. साहेब लवकर आले, गडबड झाली. आणि मग बोलायचं नव्हतं ना."

त्यानं तिथंच पट्टी लावली. पट्टी जांभळी झाली. धुण्याचं औषध मशीनमध्ये उरलेलं होतं, आणि थोड्याच वेळात ते नामदेवरावांच्या रक्तात गेलं असतं. पद्मावतीनं त्यांची बाही हळूच खाली ओढली.

नामदेवरावांनी वाकून पट्टी बघितली. मग म्हणाले, "तुमचं भजनच बरं हाय बाबा. मौन नक्को."

मशीन पुन्हा धुवायला लावली. विक्रम साहेब फोन काढून काचेपलीकडं गेले. दार उघडंच होतं. दिलसुखनगरच्या इन्चार्जला ते विचारत होते, की मशीन धुतल्यावर पट्टी कोण बघतं, आणि कधी राहिली तर कोण सांगतं. पलीकडून उत्तर येईना. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मग फोन कानाला तसाच धरून ते येरझाऱ्या घालू लागले, अगदी मघाशी हर्षदा घालत होती तशा.

आत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"उद्या त्यांची माणसं इथं पाठवतो," ते म्हणाले. "पाळी बदलताना. तुम्ही रोज करता तसंच करा. त्यांना ऐकू द्या."

हर्षदानं मान हलवली. संदेशनं नवी पट्टी लावली. ती पांढरी राहिली, तरी तिनं त्याला आणखी एक लावायला सांगितली.

"पद्मा," मग ती म्हणाली, "तुझं सांगायचं राहिलंय."