पायाचा सांधा

"घासू नका!" बाई ओरडल्या. दाजींनी ग्राइंडर बंद केला.

बाई शिल्पकार. बारा फुटी पोलादी पट्ट्या एकमेकींत अडकवून इस्पितळाच्या अंगणात उभ्या करायच्या, आणि रंग न देता तशाच गंजू द्यायच्या. यातून काय दिसणार, असं मी एकदा विचारलं होतं. "काहीच दिसायला नको," म्हणाल्या. मी पुन्हा विचारलं नाही.

आता त्यांनी दाजींनी वेल्डिंग केलेल्या सांध्यावरून बोट फिरवलं. वाकडातिकडा, मध्येच फुगलेला सांधा. "किती जिवंत आहे हा! सगळे असेच हवेत. शिल्पाच्या पायाचासुद्धा."

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान आणि या कारखान्यातले माझे गुरू. तीस वर्षं बॉयलर जोडले, एक सांधा परत आला नाही. माझं पहिलं वेल्डिंग बघून म्हणाले होते, "यावरून कोंबडी चालून गेली का रे?" आज त्यांच्याच सांध्यावरून कोंबडी चालली होती आणि बाईंना तीच आवडली होती. एरवी मी पोट धरून हसलो असतो. आज मी त्यांच्या उजव्या हाताकडे बघितलं.

त्यांचा उजवा हात सहा महिन्यांपासून थरथरत होता. ताई त्यांचा चहाचा कप अर्धाच भरायला लागली, तेव्हा मी ओळखलं. कारखान्यात कुणाला पत्ता नव्हता. कळलं की मालक घरी बसवणार, हे नक्की.

बाई गेल्यावर मी म्हणालो, "दाजी, लॉटरीच लागली की! त्यांना तसंच हवंय. करून टाका. मी तोंड उघडणार नाही."

"वरचे ठीक आहेत रे, नुसते मिरवायचे. पायावर दीड टन उभं राहणार. शेजारी पोरं खेळणार."

"मग?"

ते सरळ मालकांच्या केबिनमध्ये गेले. काचेतून दिसत होतं. त्यांनी उजवा हात टेबलावर नुसता ठेवला. मालक बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिले.

बाहेर येऊन दाजींनी आपला मास्क माझ्या हातात दिला. "पायाचा तू कर. सरळ कर. बाई चिडल्या तर माझं नाव सांग."

मास्क नव्हता, म्हणून झगझगाट डोळ्यांवर येऊ नये असे ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी सुरुवात केली. मान जरा तिरकी करून ते ऐकत होते. सांधा नीट चालला की आवाज एकसारखा येतो, हे त्यांनीच मला शिकवलेलं. मास्कच्या आत माझे डोळे भरून आले आणि हात रेंगाळला.

"एका जागी थांबलास का?" भिंतीकडे बघतच ते म्हणाले. "भोक पडेल."