दसऱ्याच्या सात चकरा

मी एक जुनी पांढरी मोटार आहे. मित्रांनो, एके काळी माझा रंग डोळ्यांत भरायचा, आता ओमानच्या उन्हाने त्याचे पोपडे निघालेत. गुहागरकडचे एकनाथ मला ओमानमधल्या अल हैल गावी आपल्या घरी घेऊन आले, तेव्हा त्यांच्या पत्नी प्रेमाताईंनी माझ्या चाकांखाली लिंबे ठेवली होती.

एकनाथ एका कंपनीत ड्रायव्हर. दर दसऱ्याला ते मला झेंडूचा हार घालत आणि इमारतीतल्या प्रत्येक घराला समुद्राकाठच्या रस्त्याने एक चक्कर मारून आणत. त्यांच्या वाडीची ही रीतच होती. शेजारचे, मूळ वसईचे स्टॅन्ली मागे ऐटीत बसायचे. मला केवढा अभिमान वाटे!

गेल्या वर्षीच्या दसऱ्यालाही सात घरांच्या सात चकरा झाल्या. पण उगाच भटकणाऱ्या गाड्यांना आळा घालायला त्या रस्त्यावर तासात तीनहून जास्त फेऱ्यांना बंदी आली होती. एकनाथांना त्याचा पत्ताच नव्हता. कॅमेऱ्याने आम्हाला टिपले. मला जप्तीच्या आवारात उभे केले आणि एकनाथांचा परवाना अडकला. परवाना गेला की नोकरी जाणार, म्हणजे ओमानही सुटणार.

त्यांनी न्यायालयात दाद मागितली. पुढचे सारे मला त्यांच्याच तोंडून कळले. अर्ज लिहिणारे इरफान म्हणाले, "भाई, लिख दो, दवाई की दुकान ढूंढ रहा था. खलास!"

"नहीं इरफानभाई. पूजा की, सबको घुमाया. यही लिखो."

सुनावणीला सातही घरे हजर राहिली. प्रत्येकाने उठून आपली चक्कर कितवी ते सांगितले. नियम कायम राहिला, पण शेजाऱ्यांना हौसेने फिरवणे म्हणजे उनाडकी नव्हे, असे ठरले. परवाना परत मिळाला.

निकालाला मात्र अकरा महिने लागले. तोवर उन्हात माझे टायर बसले, इंजिन जाम झाले. तपासणीत मी नापास झाले आणि भंगाराच्या आवारात आले.

काल दसरा होता. एकनाथ, प्रेमाताई आणि स्टॅन्ली हार घेऊन आले.

"पाँच मिनट. यल्ला!" रखवालदार यासिर घाई करत म्हणाला.

एकनाथ स्टीअरिंगवर बसले. बाकीचे मला ढकलू लागले. न सांगता यासिरनेही हात लावला. आवाराला कशीबशी एक फेरी झाली.

"बाई, तुझीच चक्कर राहिली होती," एकनाथ माझे स्टीअरिंग थोपटत म्हणाले आणि त्यांना रडू आवरेना.

मित्रांनो, आम्हा गाड्यांचे तेलपाणी वेळेवर करा, आम्हाला उन्हात टाकून देऊ नका. आणि आमच्या फेऱ्या मोजाल, तेव्हा आत कोण बसले होते तेही विचारा.