न सुटणारा घाट

गुरुदास घर सोडून गेला तेव्हा सुनयनाला वाटलं होतं, निदान कपडे न्यायला तरी तो परत येईल. आला नाही. लोंढ्याला स्नेहा नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईकडे त्यानं बिऱ्हाड थाटलं, आणि शिमगा होऊन गेल्यावर एकदाचा त्याचा फोन आला, तोही गाड्यांसाठी. मागच्या खोलीला कुलूप लावून ठेव, कुणाला हात लावू देऊ नको, पाऊस सरला की टेंपो घेऊन येतो आणि सगळं नेतो, असं तो म्हणाला. तू कशी आहेस, एकटी कशी राहतेस, एवढंसुद्धा त्यानं विचारलं नाही.

कॅसलरॉकचं ते घर सुनयनाच्या वडिलांचं. गुरुदास वायरमन, लग्न करून तो इथंच राहिला. मागच्या खोलीत पूर्वी भात साठवत. ती रिकामी झाल्यावर त्यानं तिथं छोटी रेल्वे मांडली: बोटभर उंचीची इंजिनं, खरे वाटावेत असे डबे, प्लायवूडच्या फळ्यांवर ठोकलेले रूळ. कुणी खेळणं म्हटलं की त्याला राग यायचा. सुनयना त्याच्यासाठी वायरी धरायची, वाळलेल्या गवताची झाडं करून द्यायची. गाडीचा वेग कमीजास्त करायचं बटण मात्र त्यानं तिच्या हाती कधी दिलं नाही.

फोन ठेवल्यावर ती त्या खोलीत गेली आणि रागाच्या भरात इंजिनं पोत्यात भरू लागली. सगळं नेऊन ओढ्यात टाकायचं होतं. पोतं अर्धं भरलं तेव्हा तिची नजर फळ्यांच्या खाली गेली. सगळ्या फळ्या एकमेकींना नट-बोल्टनं जोडलेल्या होत्या. कधी हलायची वेळ आली तर पटकन सुटं करता यावं, असं तो म्हणायचा, आणि ती त्याला हुशारी समजायची. आता तिला कळलं की हा माणूस पहिल्या दिवसापासून निघून जायची तयारी ठेवूनच इथं राहत होता.

ती पोत्याशेजारी बसून राहिली. गाड्या ओढ्यात टाकल्या तर तो चार दिवस हळहळेल, बायको वेडी झाली म्हणून गावभर सांगेल, आणि नव्या घेईल. एवढ्यावर त्याला सोडायचं नव्हतं. त्याच्या डोळ्यांना दिसेल आणि हाताला लागणार नाही, असं काहीतरी हवं होतं.

काय हवं ते तिला ठाऊक होतं. गुरुदासला घाट करायचा होता. कॅसलरॉकहून खाली उतरणारी लाईन, बोगदे, पूल, दरी. पण सुट्या फळ्यांवर तो मावत नव्हता, म्हणून आयुष्यभर त्यानं नुसती गोल फिरणारी गाडी केली.

तिनं रूळ उपटून बाजूला ठेवले, बोल्ट काढले आणि फळ्या न्हाणीच्या चुलीत घातल्या. मग खडूनं जमिनीवर लाईन आखली आणि धाकट्या भावाला, परशूला बोलावलं. तो गवंडी. आखलेलं बघून त्यानं डोकं खाजवलं.

"आक्का, पुढं खोली दुसऱ्या कशाला लागली तर?"

"लागू दे. हे कुणाला कधी काढता येऊ नये, येवढंच बघ."

तीन भिंतींना धरून परशूनं छातीएवढे चिऱ्याचे ओटे बांधले. त्यावर जाळी, जाळीवर सिमेंट, आणि त्यातून डोंगर उठवले. दाराशी उभं राहिलं की समोर सगळी दरी उघडी व्हावी, अशी ती रचना सुनयनाची. पहिलं काम फसलं. वळण फार अरुंद झालं आणि डबे आत कोलमडले. चढ इतका उभा की इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरायची. ती रोज लाईनकडे जाऊन मालगाड्या बघू लागली. मागून इंजिनं लावून ढकलत आणलेली गाडी डोंगराला किती लांब वळसा घालते, ते तिनं डोक्यात बसवलं. घरी येऊन वळण फोडलं आणि लाईन खिडकीच्या भिंतीवरून लांबवली. वळण रुंदावलं, चढ कमी झाला. पावसाळाभर ती सिमेंटात हात घालून होती. कधीकधी हे सगळं कशासाठी चाललंय तेच ती विसरायची. आठवलं की हात आणखी जोरात चालायचा.

पाऊस सरला आणि गुरुदास आला. ड्रायव्हरला टेंपोत बसवून तो एकटाच आत शिरला. खोलीच्या दाराशी बराच वेळ नुसता उभा राहिला. मग वाकून ओट्याच्या बुडाशी बघू लागला.

"बोल्ट न्हाईत," सुनयना म्हणाली.

तो हळूहळू घाटाच्या कडेनं गेला. पुलावर बोट टेकवलं, बोगद्यात डोकावला, वळणापाशी थांबला.

"वळण झकास जमलंय," तो म्हणाला. "माझ्यानं हे झालं नसतं."

सुनयनाचा ऊर भरून आला. घाटमाथ्यावर गाडी तयार उभी होती. त्याच्यासमोर ती चालवायची आणि त्याचं तोंड बघायचं, असं तिनं ठरवलं होतं. तिचा हात बटणाकडे गेलासुद्धा. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की आपण अजून याच्या शाबासकीची वाट बघत उभ्या आहोत. अंगाचा तिळपापड झाला तिच्या. राग त्याच्यावरही आला, स्वतःवरही.

तिनं हात काढून घेतला. एकेक इंजिन, एकेक डबा उचलला, त्याच्याच जुन्या शर्टांत गुंडाळला आणि खोक्यात रचला.

"घे तुझ्या गाड्या."

लग्न झाल्यापासून ती त्याला तुमी म्हणत आली होती. गुरुदासनं चमकून तिच्याकडं बघितलं.

"एकदा चालवून बघू?"

"न्हाई."

"एकच फेरी, सुनयना."

"लोंढ्यात चालव."

लोंढ्याला भाड्याची एकच खोली होती आणि निम्मी शिवणयंत्रांनी भरलेली होती, हे परशूनं तिला कधीच सांगितलं होतं. गुरुदासचे डोळे भरले. ते तिनं नीट बघून घेतलं. बाहेर ड्रायव्हरनं विचारलं, सामान काय काय चढवायचं? गुरुदास खोकं मांडीवर घेऊन पुढं बसला आणि टेंपो तसाच रिकामा परत गेला. त्या दिवशी सुनयना पोटभर जेवली.

मग तिनं स्वतःचं इंजिन आणि डबे मागवले. रामनगरला पार्सल आलं, ते परशू घेऊन आला.

दिवाळीनंतर गुरुदासचा फोन आला. मी काही नेत नाही, हात लावत नाही, एखाद्या रविवारी येऊन दारातनं बघतो फक्त, असं तो म्हणत होता. सुनयनानं फोन पुलाशेजारी सिमेंटच्या कड्यावर ठेवला आणि बटण फिरवलं. गाडी माथ्यावरून निघाली, वळसा घालत खाली आली, पुलावरून फोनला लागून खडखडत गेली.

खडखड थांबली तसा फोनमधून गुरुदासचा आवाज आला.

"आता कुठं पोचली?" त्यानं हळूच विचारलं. "बोगद्यात शिरली काय?"

सुनयनानं फोन उचलला आणि बंद करून टाकला. गाडी बोगद्यातून बाहेर पडून, तळाशी फिरून पुन्हा माथ्याकडे चढू लागली होती.