सगळ्यात जाड दोरा

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. इतका जुना, की माझ्यावरचे दोन देश आता जगातच नाहीत.

एका कृषी संशोधन केंद्राच्या बैठकीच्या खोलीत मी टांगलेला आहे. इथल्या कुणी परदेशी शास्त्रज्ञाबरोबर शोधनिबंध छापला, की आमच्या टाचणीपासून त्याच्या गावच्या टाचणीपर्यंत एक लाल दोरा बांधायचा. सहकार्य मोजायची ही केंद्राच्या संचालक साहेबांची रीत. पाहुणे मला बघून म्हणत, "वा! केवढा पसारा!" मी फुगत असे. थोडा भिंतीच्या ओलीने, जास्त कौतुकाने.

सगळ्यात जाड दोरा समुद्रापलीकडच्या एका गावाला जाई. तिथली एक शास्त्रज्ञ आणि आमच्या तांबेरावाल्या बाई मिळून गव्हावरच्या तांबेरा रोगावर काम करत. दोघी जिवलग मैत्रिणी.

मग तिकडे युद्ध पेटलं.

(इथे माझ्यावर घडी पडली आहे. घडीत काही दिसत नाही. पुढे चला.)

तांबेरावाल्या बाई धावत आल्या. "साहेब, माझ्या मैत्रिणीला आपलं निमंत्रण हवंय. ते दाखवलं तरच तिला सीमा ओलांडू देतील."

साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "निमंत्रणं बारीक दोरे जाड करायला असतात, बाई. हा तर दोरखंड झालाय! त्यांना कशाला बोलवायचं?"

"अहो, हे जुन्या कामाचे पेपर आहेत. छापून यायलाच दोन वर्षं जातात. आज तिची प्रयोगशाळासुद्धा उभी नाही."

"पण आकडा वाढतोय ना?"

वाढत होता. मी तशी साक्ष दिली. मला दुसरं काही येतच नाही.

निमंत्रण गेलं नाही. ती मैत्रीण पडक्या प्रयोगशाळेच्या तळघरात, बियाण्यांच्या पेट्यांशेजारी, मेली.

त्यानंतर तिच्या नावाचे आणखी काही शोधनिबंध छापून आले. दोरे बांधायला कारकून स्टुलावर चढला, तेव्हा बाईंनी त्याचा हात धरला.

"नका हो बांधू. ती नाहीये आता."

"मॅडम, पेपरवर तिथला पत्ता आहे," तो खाली न बघता म्हणाला. "मोजावा लागतो."

त्या वर्षी आमचं केंद्र सहकार्यात पहिलं आलं. खोलीत टाळ्या झाल्या. बाई हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. फक्त माझ्यासमोर टाळ्या वाजवण्याआधी दोऱ्याच्या पलीकडच्या टोकाला एकदा फोन लावा. आणि कुणी उचलेपर्यंत थांबा.