आईचा वर्षदिवस

जानेवारी त्र्याण्णवमध्ये मुंबईत पुन्हा जाळपोळ सुरू झाली आणि सिल्वासाहून ठाण्याला जायचा सॅमसन झिराडकरांचा बेत मोडला. आईला जाऊन वर्ष होत होतं. वर्षदिवसाला मुलानं कद्दीश म्हणायचा, आणि त्या प्रार्थनेला निदान दहा यहुदी पुरुष लागतात. ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये ते सहज जमत. सिल्वासात यहुदी घर एकच, आणि त्या घरात पुरुष म्हणजे झिराडकर एकटेच.

ते इथल्या सरकारी शाळेत मराठी शिकवत. मूळ गाव अलिबागजवळचं. वडिलांनी तेलाचा घाणा मोडून मुंबई गाठली होती, पुढं नोकरीनं यांना इथं आणलं. भाऊ केव्हाच इस्राएलला गेले. हे मागं राहिले ते आईमुळं. विषय निघाला की ती म्हणे, मेलेल्यांना मागं टाकून माणसानं किती वेळा निघायचं? मग तीही गेली. अडवणारं कुणी उरलं नाही, आणि एप्रिलमध्ये निघायचं ठरलं. झिराडकरांना ना जायचा आनंद होता, ना राहायची ओढ. शाळेतून आले की खुर्चीत नुसते बसून राहत.

वर्षदिवसाच्या सकाळी त्यांची बायको रिबेका प्रार्थनेनंतर वाटायच्या मलिद्यासाठी पोहे भिजवू लागली. प्रार्थनाच होणार नाही तर मलिदा कशाला, असं ते म्हणाले. ती नारळ खवत राहिली. थोड्या वेळानं तिनं विचारलं,

"नवगावला गलबत फुटलं तेव्हा वाचले किती?"

कोकणातल्या यहुद्यांत प्रत्येक पोराला सांगतात ती गोष्ट. फार पूर्वी एका राजाच्या जुलमाला भिऊन त्यांचे पूर्वज आपला मुलूख सोडून समुद्रानं निघाले आणि कोकणच्या किनाऱ्याशी खडकावर आपटले.

"सात जोडपी," ते म्हणाले.

"म्हणजे पुरुष सातच. बाकीच्यांची प्रेतं त्यांनी तिथंच पुरली. त्यांत कुणाची आईसुद्धा असेल. मग उरलेले तिघं त्यांनी कुठून आणले?"

झिराडकरांना गोष्ट पाठ होती, पण माती लोटून झाल्यावर त्या सातांनी काय केलं असेल, हे कधी मनात आलं नव्हतं. पोथ्या बुडालेल्या, अंगावरचे कपडे ओले, समोरच्या माणसांची भाषा कळत नाही. पुढं ते घाणे चालवत राहिले, स्वतःची भाषा विसरले. शनिवारी घाणा बंद ठेवायचा आणि देव एकच आहे असं म्हणायचं, एवढंच त्यांनी धरून ठेवलं.

संध्याकाळी ते स्वतः शेजारच्या बारकूला बोलवायला गेले. बारकू धुळ्याकडचा, सायली गावच्या कारखान्यात कामाला. त्याची बायको पुतळाबाई शेवटच्या आजारात झिराडकरांच्या आईजवळ बसत असे. दोघं आले, पण बारकू उंबऱ्याशी घुटमळला.

"सर, आम्ही तुमच्यातले नाही. चालंल का?"

झिराडकरांनी प्रार्थनेला घालायची वडिलांची टोपी त्याच्या हातात दिली.

त्यांनी कद्दीश म्हणायला सुरुवात केली. मध्येच ते अडले. रिबेका पुढचे शब्द हळूच म्हणाली, तेव्हा ते पुन्हा बोलू लागले. आमेन कुठं म्हणायचं ते बारकूला कळेना. तो रिबेकाच्या तोंडाकडे बघून मागून म्हणत होता. पुतळाबाई पदरानं डोळे पुसत होती.

मलिदा खाताना तिनं विचारलं, आता तुम्ही आपल्या गावाला चालला म्हणायचं का?

झिराडकरांनी तिला बाबेलची हकीकत सांगितली. त्यांच्या लोकांना फार पूर्वी आपल्या मुलखातून त्या परक्या शहरात धरून नेलं होतं. पुष्कळ वर्षांनी दुसरा राजा आला आणि म्हणाला, जा परत. तोवर पोरंबाळं तिथंच जन्मलेली. काही गेले, काही राहिले.

"त्यातले खरे कोणते?" बारकूनं विचारलं.

"दोन्ही. राहिले म्हणून कुणी परके झाले नाहीत."

"मग तुम्ही का जाता?"

झिराडकरांनी हातातली बशी खाली ठेवली.

"भाऊ तिकडे आहेत. आणि मी थकलो, बारकू. इथं एकट्यानं सगळं आठवत राहायला लागतं."

बारकूनं मान हलवली.

एप्रिलपर्यंत मुंबई शांत झाली होती. आधी ठाण्याला आईच्या कबरीवर जायचं आणि तिथून विमानतळावर, असं ठरलं होतं. पुतळाबाईनं वाटेसाठी भाकरी आणि ठेचा बांधून दिला. जीप हलली तशी झिराडकरांची मान खिडकीला टेकली आणि त्यांना झोप लागली. कित्येक महिन्यांत ते असे झोपले नव्हते. वापी आलं, ड्रायव्हर चहाला थांबला, तरी रिबेकानं त्यांना उठवलं नाही.