येजो

हिंगणघाटच्या त्या बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये स्वरदाचा दिवस झाडू मारण्यापासून सुरू व्हायचा. कपाशी येणं थांबून सहा वर्षं झाली होती, तरी पत्र्याच्या खाचांत आणि छपराच्या लोखंडी कैच्यांत अडकलेली रुई अजून झरत होती, आणि कितीही झाडलं तरी दुसऱ्या दिवशी फरशीवर पांढरी लव बसलेलीच असे.

स्वरदा वर्ध्याची, शिक्षकांच्या घरातली. अंगाला पांढरा रंग फासून, गुडघे वाकवून, एक पाऊल टाकायला पाच-पाच मिनिटं घेणारा बुतो नावाचा जपानी नाच ती वीस वर्षं करत होती. त्यातली दोन वर्षं तिकडे राहून शिकली, देशोदेशी प्रयोग केले, आणि तरी नागपूरला प्रयोग पाहायला आलेले वर्ध्याचे नातेवाईक तो संपल्यावर "नाच केव्हा सुरू होणार?" असं विचारायचेच. ती हसायची. लोक काय म्हणतात त्याची तिला फिकीर नव्हती, कारण तिच्याजवळ एक गोष्ट पक्की होती: तिचं शरीर तिचं ऐकायचं. पापणीसुद्धा तिला विचारल्याशिवाय लवत नसे.

यंदा तिने याच शेडमध्ये पूर्वी कापूस निवडणाऱ्या आठ बायकांना घेऊन काम मांडलं होतं. तीन आठवडे शिकवायचं आणि शेवटच्या रविवारी दुपारी चारला तिथेच प्रयोग. जुने पट्टे आणि पत्रे वाजवून त्यातून संगीत काढायला नागपूरहून निशांत आला होता. पहिल्याच दिवशी बायकांमधल्या गुलाबबाईंनी विचारलं, "बुतो म्हंजे भुताचाच नाच म्हना ना, मॅडम?" आणि सगळ्या पदर तोंडाला लावून हसल्या.

रोज सकाळी वर्ध्याहून निघताना स्वरदा दहा वर्षांच्या लेकीला, गुंजनला, आपल्या आईपाशी, इंदिराबाईंपाशी, ठेवायची. उंबऱ्यावर ती म्हणायची, "येते गं." गुंजन म्हणायची, "ये." त्याशिवाय निघणं नाही. गुंजनचा बाप एकदा भांडणाच्या तिरीमिरीत "जातो" म्हणाला होता, आणि तो खरंच गेला. तेव्हापासून हा शब्द त्या घरात कुणी उच्चारत नसे. एकदा गुंजन रुसून बसली आणि "ये" म्हणेना, तेव्हा स्वरदा पायांत चपला घालून दहा मिनिटं तशीच उभी राहिली होती.

शिकवण्याची तिची एक रीत होती. "शरीर म्हणजे घर," ती बायकांना सांगायची. "घर रिकामं करा. मग पाहुणा येऊ द्या. राख, वारा, कपाशीचं बोंड, जे येईल ते. आणि शेवटी त्याला निरोप द्या." तिच्या गुरूंनी फक्त रिकामं व्हायला शिकवलं होतं. पाहुणा हा शब्द तिचा स्वतःचा, आणि त्याचा तिला अभिमान होता.

आठव्या दिवशी भागीरथाबाईंकडे पाहुणा आला. साठीची बाई, बोलायला कमी. अर्धे डोळे मिटून उभ्या होत्या, आणि त्यांचा डावा हात सावकाश ओठांशी गेला. दोन बोटांनी त्या तोंडातून रुईचा पेळू ओढावा तसं काहीतरी ओढू लागल्या. दिसत काहीच नव्हतं. वीतभर, हातभर, दोन हात, संपतच नव्हतं. निशांतचा पत्र्यावरचा हात थांबला. निरोपाची वेळ झाली तेव्हा भागीरथाबाई म्हणाल्या, "येतो बरं." इकडे बायकाही 'येतो'च म्हणतात, त्यामुळे त्यात कुणाला वावगं वाटलं नाही. शेजारच्या गुलाबबाईंनी हसत, 'पुन्हा ये' अशा अर्थाचं इकडचं उत्तर दिलं, "येजो, येजो."

दुसऱ्या दिवशी तो हात गुलाबबाईंचा होता. तेच दोन बोटांनी ओढणं, तीच डाव्या खांद्याची उचल. आणि भागीरथाबाई ओझं उतरल्यासारख्या मोकळ्या; डब्यातली झुणका-भाकर त्यांनी त्या दिवशी पोटभर खाल्ली. स्वरदाला वाटलं, एकीचं पाहून दुसरी करते आहे. तिला आनंदच झाला. "हे प्रयोगात ठेवू या," ती निशांतला म्हणाली. शेवटी गुलाबबाईंनी डोळे उघडले, सरळ तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "येतो बाई."

शिक्षकांच्या घरातलं वळण. "या हं," स्वरदा म्हणून गेली.

त्यानंतर दोन दिवसांनी, सकाळी गुंजनची वेणी घालत असताना, आरशातली गुंजन म्हणाली, "आई, तोंडातून काय ओढतेस?"

स्वरदाचा डावा हात तिच्या ओठांशी होता. तो तिने नेला नव्हता. तिने त्याला खाली यायला सांगितलं. तो आला नाही. सावकाश, सवडीने ओढत राहिला, आणि घशाच्या आत खोलवरून काहीतरी मऊ, कोरडं सरकत वर आल्याचं तिला अगदी स्पष्ट जाणवलं. तिने उजव्या हाताने तो हात धरून मांडीखाली दाबला आणि त्यावर बसून राहिली. ती भ्याली. परक्या शहरांत एकटी हिंडलेली बाई आपल्याच हाताला भ्याली. वेणी गुंजनने आजीकडून घालून घेतली.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, तालमीनंतर बायका पांगल्या तेव्हा तिने भागीरथाबाईंना गाठलं. त्या शेडच्या पायरीवर बसून पायांना चिकटलेली लव काढत होत्या. स्वरदा डावा हात मांडीखाली दाबून शेजारी बसली.

"बाई, तुमच्याकडे आला होता तो कोण होता?"

"म्या पुसलं नाई. पाहुण्याले कोनी नाव पुसते का?"

"तुमच्याकडून गेला कसा?"

"गुलाब येजो म्हने, तं गुलाबकडं गेला. तुमी या म्हटलं, तं तुमच्याकडं." भागीरथाबाईंनी तिच्या मांडीखालच्या हाताकडे पाहिलं आणि नजर वळवली. "मॅडम, तुमीच त्याले पाहुना म्हटलं. आता त्याले बोलावनं लागते ना."

"मग मी काय करू?"

"जा म्हना. तोंडावर. पन थो येतो म्हनन तवाच. आन् एक गोष्ट," त्यांनी आवाज उतरवला, "कोन म्हनून राह्यलं, ते नीट पाह्यजा. लेकराले नोका आनू उद्या."

रविवारी पहाटेपासून इंदिराबाईंची तयारी चालली होती. लेकीचा प्रयोग आपल्या जिल्ह्यात पहिल्यांदाच होतोय आणि नातीने पाहायचा नाही? स्वरदाने नको म्हटलं, कारण सांगता येईना, आणि कारण न देता नको म्हटलेलं त्या घरात आजवर कुणी ऐकलं नव्हतं. उंबऱ्यावर गुंजन म्हणाली, "आज 'येते' नको म्हणूस. आम्हीच येतोय."

चारला शेडमध्ये साठ-सत्तर माणसं सतरंज्यांवर बसली होती. पत्र्याच्या फटींतून ऊन आत येत होतं आणि त्यात लव तरंगत होती. पहिल्या रांगेत भागीरथाबाईंच्या शेजारी गुंजन. त्यांचं काम आधी संपलं होतं आणि मुलगी दिसताच त्या मुद्दाम तिच्याजवळ जाऊन बसल्या होत्या.

स्वरदा पांढरी होऊन मधोमध उभी राहिली. तिने घर रिकामं केलं. वीस वर्षांची सवय, ते तिला थांबवताच आलं नाही. डावा हात वर गेला. हातभर, दोन हात, चार हात ओढून झालं, आणि तिला आतल्या आत रिकामं, अधिक रिकामं वाटत गेलं. किती वेळ गेला कळलं नाही. मग पत्रा थांबला. निरोपाची वेळ. ती कान देऊन थांबली. आता तो "येतो" म्हणेल, आता म्हणेल.

"जा," तिचं तोंड म्हणालं.

आवाज तिचाच होता. पण तिने काढला नव्हता.

पाय निघाले. लोकांच्या मधून, सतरंज्यांच्या कडेने, कुणालाही धक्का न लावता ती दारापर्यंत आली, आणि तिथे वळून पाहिलं तेव्हा शेडच्या मधोमध ती पांढरी बाई उभीच होती. टाळ्या पडत होत्या. निशांत तिच्या हातात हात देत होता. इंदिराबाई डोळे पुसत होत्या. गुंजन धावत जाऊन त्या बाईच्या कमरेला बिलगली, आणि बाईने डाव्या हाताने, सावकाश, तिच्या केसांतली लव निवडायला सुरुवात केली.

दारातून स्वरदा ओरडली, पण कुणी मान वळवली नाही. पुन्हा ओरडली. मग काहीच सुचेना तेव्हा, भीतीने, सवयीने, रोज सकाळी उंबऱ्यावरून म्हणायची तेच ती म्हणाली.

"येते गं."

गुंजनने त्या मिठीतूनच मान दाराकडे वळवली. तिथे कुणी दिसत नव्हतं, पण तिच्या ओठांवर उत्तर आलंच होतं, आणि तोंड उघडणार इतक्यात, ते शब्द ऐकलेल्या भागीरथाबाई धडपडत उठल्या आणि त्यांनी आपला तळहात त्या मुलीच्या तोंडावर घट्ट दाबून धरला.